फलश्रुतीला पोचलं की रडायची

लहान मुलांचे डॉक्टर आपापसात काय बोलतात ते आईबापांनी ऐकलं, तर निम्मे लोक पोरं उचलून घरी परत जातील. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून सांगते. ओपीडी संपली की आम्ही चहाला बसायचो आणि आयांच्या नकला करायचो. "डॉक्टरसाब, ये कुछ नहीं खाता," असं एक आई डोळ्यांत पाणी आणून सांगते, आणि तिच्या कडेवरचं पोरगं तेवढ्यात बिस्किटाचा अख्खा पुडा संपवतं. "तीन दिन से सोया नहीं," म्हणणाऱ्या आजीच्या खांद्यावर नातू घोरत असतो. माझी कऱ्हाडकडची जीभ मुळातच तिखट, त्यात नकला बऱ्या जमायच्या, त्यामुळे चहाच्या टेबलावर मला मागणी असायची.

बरं, हे नुसतं चेष्टेपुरतं नव्हतं. आमच्या केस लिहायच्या कागदावर मुलाच्या वयाखाली एक रकाना असतो: माहिती कोणी दिली आणि ती कितपत भरवशाची. आई शिकलेली असली, तारीखवार सांगत असली, की आम्ही 'चांगली' लिहून मोकळे. आजी असली की हात आपोआप 'बेताची' लिहितो. आजी म्हटलं की दृष्ट आली, गुटी आली, पोराच्या आत्यानं लग्नात काय केलं तेही आलं. मी विद्यार्थ्यांना सांगायचे, "गोष्टीत अडकू नका. शेंग फोडा, दाणा घ्या, टरफल टाका." या वाक्यावर मी स्वतःच खूश होते. एका मुलीनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं मी पाहिलं होतं, तेव्हा दिवसभर हवेत होते.

चंदीगडला आम्ही आलो ते माझ्या नोकरीपायी. नवरा केंद्र सरकारच्या खात्यात, त्यानं बदली मागून घेतली. शहराला लागून असलेल्या झिरकपूरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इथेच छकुली झाली. रजा संपत आली तसा प्रश्न उभा राहिला की दिवसभर तिला सांभाळणार कोण. माझ्या आईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून गावाकडून सासूबाई आल्या.

त्यांचं-माझं भांडण कधी झालं नाही. पण गोडवाही नव्हता, खोटं कशाला बोलू. मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं: किती वाजता दूध, किती वाजता मऊ भात, काजळ नाही, गुटी नाही, धुरी नाही. त्या मान डोलवायच्या आणि मी दाराबाहेर पडले की आपल्याला हवं तेच करायच्या. संध्याकाळी घरी आले की पोरीच्या कानामागे काळी तीट दिसायची. मी बोटानं पुसायचे. दुसऱ्या दिवशी तीट परत हजर. तोंडानं कुणीच काही बोलत नव्हतं, पण लढाई चालू होती. बाहेर मात्र त्या गप्प असायच्या. भाजीवाल्याकडे बोटानं दाखवायच्या, लिफ्टमध्ये कुणी "नमस्ते आंटीजी" म्हणालं तर नुसत्या हसायच्या. आईंना हिंदी येत नाही, असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते.

छकुली आठ महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. मार्च संपत आला होता आणि आमच्या वॉर्डात उलट्या-जुलाबांच्या मुलांची नुसती रीघ लागली होती. नवरा दौऱ्यावर शिमल्याला गेलेला. मी सकाळी साडेसातला, हमरस्त्यावर गाड्या तुंबायच्या आत, घर सोडलं तेव्हा पोरगी दूध पिऊन खेळत होती.

दहाच्या सुमाराला सासूबाईंचा फोन आला.

"अगं, छकुली वेगळंच रडतेय."

"दात येत असतील, आई."

"दाताचं नाही हे. तीन पोरं वाढवलीत मी."

"उलटी झाली का?"

"एकदा झाली."

"मग पोट बिघडलंय. इथं सगळ्यांना तेच झालंय. मीठ-साखरेचं पाणी द्या, चमच्या-चमच्यानं. मी दुपारी फोन करते."

साडेअकराला त्यांचा परत फोन आला. माझ्यासमोर बारा मुलं रांगेत होती. मी कट केला.

पाऊणच्या सुमाराला दारावरचा शिपाई आत आला. "मॅडम, एक माताजी आई हैं. कुछ बोलती नहीं, बस मोबाइल पर आपका फोटो दिखा रही हैं."

बाहेर सासूबाई उभ्या होत्या. घरातलीच साडी, केस न विंचरलेले, खांद्यावर दुपटं आणि त्यावर छकुली. झिरकपूरला आल्यापासून त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एकट्या कधी गेल्या नव्हत्या. शेजारच्या बाईंनी टॅक्सी करून दिली आणि या एकट्या बसून आल्या. दुसरी कुणी असती तर मी तिचं कौतुक केलं असतं. पण माझे ज्युनिअर बघत होते, रांग खोळंबली होती, आणि माझं डोकं फिरलं.

"इथं कशाला आणलंत? फोन करायचा ना."

"केला होता," त्या म्हणाल्या.

मी छकुलीला टेबलावर ठेवलं. ती शांत होती, जरा मलूल, डोळे अर्धे मिटलेले. पोटावर हात ठेवला, मऊ लागलं. त्याला दोन सेकंदही लागली नसतील. जीभ थोडी कोरडी. झालं, मी मनात लिहून टाकलं: पोट बिघडलंय, पाणी कमी झालंय, घरी पाठवा. सासूबाई मागून काहीतरी सांगत होत्या, "अगं, ते स्तोत्र म्हणताना बघ," असं काहीसं. मी म्हटलं, "आई, ते नंतर."

तेवढ्यात आमच्या युनिटच्या प्रमुख मॅडम आत आल्या. पंजाबी, उंच, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. त्यांना सगळे घाबरायचे, कारण त्या कधी आवाज चढवत नसत. स्वतःच्या मुलाला स्वतः तपासायचं नाही, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. त्यांनी मला टेबलापासून बाजूला केलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "सुबह से बच्ची के साथ कौन था?"

"मेरी सास. पर उनको हिंदी नहीं आती मॅडम, मैं बता देती हूँ."

"तुम तो थीं ही नहीं," मॅडम म्हणाल्या. "इनसे पूछो, फिर मुझे बताओ."

मी सासूबाईंना म्हटलं, "सकाळपासून काय झालं ते सांगा. थोडक्यात."

त्यांनी थोडक्यात सांगितलं नाही. पदर सारखा केला आणि सुरुवातीपासून सुरू केलं. तू गेलीस, मी तिला न्हाऊ घातलं. अंग पुसताना एकदम किंचाळली. पाय पोटाशी घेतले, मुठी आवळल्या, तोंड पांढरंफटक पडलं. मला वाटलं विंचूच चावला, दुपटं झटकून बघितलं. मग आठवलं, काल ती समोरची बाई म्हणाली होती, किती गुटगुटीत आहे. म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. टाकल्याबरोबर शांत झाली, म्हटलं उतरली दृष्ट. मांडीवर घेऊन देवापुढे बसले आणि स्तोत्र म्हणायला लागले. शेवटाकडे आले, फलश्रुतीला, आणि परत किंचाळली. तसंच, पाय वर. जरा वेळानं गप्प. परत पहिल्यापासून म्हटलं. परत फलश्रुतीला पोचले की रडायला लागली. मला वाटलं माझंच काही चुकतंय, देवाला आवडत नाहीये. तुला फोन केला. परत म्हटलं. सात वेळा म्हटलं बघ, सातही वेळा तिथंच. मधल्या वेळात एकदम गळून जाते, खुळखुळा वाजवला तरी बघत नाही. मग दुसरी उलटी झाली ती हिरवी.

त्या थांबल्या. मी मॅडमकडे वळून म्हणाले, "कह रही हैं, सुबह से चिड़चिड़ी है. रोती है, चुप हो जाती है. दो उलटियाँ हुईं."

खरं सांगते, मी काही लपवायला बघत नव्हते. मीठ-मोहऱ्या आणि देवापुढे बसणं हे सगळं ज्युनिअरांसमोर तोंडातून काढायची मला लाज वाटली, एवढंच. डॉक्टरच्या घरी दृष्ट काढतात, हे उद्या चहाच्या टेबलावर गेलं असतं. आणि नकला कशा होतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "माताजी पाँच मिनट बोलीं. तुमने मुझे एक लाइन दी. बाकी कहाँ गया?"

"मॅडम, वो सब ऐसे ही है. पूजा-पाठ का."

"वही बताओ. जैसे उन्होंने कहा, वैसे. अपनी तरफ से कुछ काटना नहीं."

मग मी सांगायला लागले. माझे कान तापले होते. मीठ-मोहऱ्या सांगितल्या. समोरची बाई सांगितली. एक ज्युनिअर खाली बघून हसला, तेही दिसलं. स्तोत्र सांगितलं, ते संपत आलं की रडते हे सांगितलं, परत म्हटलं, परत तिथंच रडली. सात वेळा. आणि 'सात बार' हे शब्द माझ्याच तोंडून माझ्या कानावर पडले तशी मला आजाराची ओळख पटली.

दर सहा महिन्यांनी मी हा आजार शिकवते. आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरतो, सदरा काढताना बाही उलटी होऊन आत जाते तसा. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटायला लागतो. ठरावीक वेळानं कळ येते, मूल पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरं पडतं. मधल्या वेळात गप्प असतं आणि तिथंच डॉक्टर फसतो. वेळेत कळलं तर ऑपरेशनशिवाय सुटतं. उशीर झाला तर आतडं काळं पडतं, आणि मग मूलही हाती लागेल की नाही, सांगता येत नाही. हे सगळं मी पोरांकडून घोकून घेते. सासूबाईंनी मला अख्खा धडा म्हणून दाखवला होता आणि मी तो टरफल म्हणून टाकला होता.

"कितना टाइम लगता है इस पाठ में?" मॅडमनी विचारलं.

मी सासूबाईंना विचारलं. "दहा-बारा मिनिटं," त्या म्हणाल्या. "सावकाश म्हटलं तर पंधरा."

मॅडमनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि झोपलेल्या छकुलीच्या पोटावर उजवीकडे, बरगडीखाली, बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग माझा हात धरून तिथं नेला. आत लांबट, रबरासारखं काहीतरी लागलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सोनोग्राफीच्या खोलीत आधीच्या पेशंटचं आवरेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. छकुली सासूबाईंच्या मांडीवर. त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. अकरा मिनिटं झाली आणि छकुलीनं पाय वर घेतले. त्या किंचाळीनं बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. एवढी वर्षं मी मुलांचं रडणं ऐकतेय, पण पोटच्या पोरीचं हे रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती सकाळपासून तसंच रडत होती.

पडद्यावर आतड्यात आतडं, वर्तुळात वर्तुळ, स्पष्ट दिसलं. उपाय म्हणजे खालून नळीनं सलाइन दाबानं सोडायचं आणि त्या दाबानं आत शिरलेलं आतडं मागं ढकलायचं. आतडं फाटायचा धोका असतो, म्हणून सर्जन शेजारी तयार ठेवतात. संमतीच्या कागदावर आईच्या नावापुढे मी सही केली. अशा कागदांवर मी शेकडो आयांच्या सह्या घेतल्यात आणि "घाबरू नका, लवकर करा," असं म्हटलंय.

पहिल्यांदा सोडलं तेव्हा ते थोडं सरकलं आणि अडकलं. तिथला डॉक्टर म्हणाला, दोन मिनिटं थांबू. ती दोन मिनिटं मी कुठल्या देवाला काय बोलले ते मला आठवत नाही, पण बोलले हे नक्की. दुसऱ्यांदा सोडलं. पडद्यावरचं ते गोल-गोल मागं मागं गेलं, एका जागी थबकलं आणि एकदम सुटलं. पाणी पुढच्या आतड्यात धो-धो शिरताना दिसलं. "हो गया," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

मॅडम बाहेर आल्या. सासूबाईंपाशी गेल्या, त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाल्या, "माताजी, बच्ची को आपने बचाया है. कल तक रुकते तो चीरना पड़ता." मला मॅडम एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही, चहाच्या टेबलावर तर नाहीच. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. माणसाची चूक पदरात घालायची नाही आणि विसरूही द्यायची नाही, हे त्यांना कसं जमत होतं कोण जाणे. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही आणि मला ते फेडायचेही नाहीत, असेच राहू देत.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. माझी ओपीडी तेव्हापासून उशिरा संपते, आणि ज्युनिअर माझ्या नावानं बोटं मोडतात ते मला माहीत आहे. कुणी आजी बोलायला लागली की मी पेन खाली ठेवते. तिचा जावई, तिची म्हैस, तिच्या गावातला बाबा, सगळं ऐकते. दहातल्या नऊ वेळा त्यात काही नसतं. कंटाळाही येतो, देवाशपथ येतो. शेंगेचं ते वाक्य मात्र मी पुन्हा कधी वर्गात म्हटलं नाही. नकलाही बंद झाल्या. कुणी करायला लागलं तर मी कप उचलून बाहेर जाते, मोठं भाषण देत नाही.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी घडलं.

छकुलीला एक दिवस वॉर्डात ठेवून घेतलं होतं. सकाळी तिनं दूध घेतलं, ते पोटात राहिलं, आणि खुळखुळ्यासाठी हात पुढं केला. सासूबाई खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. रात्रभर त्यांनी पाठ टेकली नव्हती. मला राहवेना. मी म्हटलं, "आई, एक सांगायचंय. काल मॅडमना मी तुमचं सगळं सांगितलंच नव्हतं. मीठ-मोहऱ्या, स्तोत्र, सगळं गाळलं होतं. मला लाज वाटली."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"कसं माहीत?"

"अगं, हिंदी बोलता येत नाही मला. बोलायला गेले की लोक हसतात, म्हणून बोलत नाही. कळत नाही असं कोण म्हणालं? रोज दुपारी तीन-तीन मालिका बघते. तू एका ओळीत गुंडाळलंस, ते कळलं की मला."

म्हणजे मी पोरीचा आजार गाळत होते तेव्हा त्या समोर उभ्या राहून ते ऐकत होत्या. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मॅडमनी विचारलं नसतं तर मी तुम्हाला घरी पाठवणार होते. का नाही बोललात?"

त्यांनी छकुलीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"तू डॉक्टर आहेस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू गाळलंस म्हणजे ते गाळण्यासारखंच असणार."

लग्नात मी त्यांच्या पाया पडले होते ते फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून. त्या सकाळी, भरल्या वॉर्डात, माझ्या सगळ्या ज्युनिअरांसमोर, मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.